भीती वाटते, हे मुलीला सांगू का?

प्रश्न

एका बाबांचं पत्र आलं आहे. त्यांचं वय ५४. मुलगी २५ वर्षांची, नोकरीमुळे दूर राहते आणि गेली चार वर्षं नियमित कयाकिंग करते, म्हणजे दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चिंचोळी होडी चालवते. मधल्या काळात दोघांचं बोलणं जवळजवळ तुटलं होतं. आता तिने आपणहून विचारलंय, "बाबा, पाच दिवस माझ्याबरोबर येता?" बेत असा आहे: वस्तीपासून लांब असलेलं एक मोठं सरोवर, काठावर तंबू, रोज कयाकने भटकंती आणि तिसऱ्या दिवशी सरळ पाणी ओलांडून ५ किलोमीटरवरच्या बेटावर जायचं, संध्याकाळपर्यंत परत यायचं. तिथे फोन लागत नाही. बाबांना पोहायला उत्तम येतं, मुलीलाही त्यांनीच शिकवलं. पण कयाक त्यांनी सहा-सात वेळाच चालवली आहे, तीही छोट्या तळ्यात. तिला लगेच हो म्हणाले आणि तेव्हापासून त्यांना झोप नाही. ते लिहितात, "इतक्या वर्षांनी तिने हात पुढे केलाय. भीती वाटते म्हटलं तर ती पुन्हा कधी विचारणार नाही. बेटाच्या दिवशी पाठ दुखतेय असं सांगून तंबूतच थांबू का? की दोघांची मिळून एकच कयाक घेऊ या म्हणू, म्हणजे ती मला सांभाळून घेईल? की काही न बोलता दोन महिने तयारी करून सरळ जाऊ?"

उत्तर

पाठदुखीपासूनच सुरुवात करते, कारण पत्रातल्या त्या वाक्याचीच मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. समजा, तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कंबर धरून बसलात. मुलगी काय करेल? एक तर बेत रद्द करून दिवसभर तुमच्या उशाशी बसेल. नाहीतर "तुम्ही आराम करा, मी जाऊन येते" म्हणत एकटीच निघेल. मग ५ किलोमीटर उघडं पाणी, सोबतीला दुसरी कयाक नाही, आणि काठावर तुम्ही, हातात न लागणारा फोन घेऊन. दुपारी वारा सुटला की तिचा ठिपका शोधत तुम्ही किती वेळ उभे राहाल, याची कल्पना करून बघा. घरी अशी थाप खपून जाते. तिथे सगळा बेत दोघांच्या जोडीवर उभा असतो. एकाने खोटं सांगितलं की दुसऱ्याचा हिशेब चुकतो.

भीती लपवणं हीसुद्धा त्याच जातीची थाप आहे. तुम्हाला ती तशी वाटत नाही, कारण तुमच्या लेखी भीती हा तुमचा खाजगी मामला आहे. पण मोठ्या पाण्यावर जो पुढे असतो, तो मिनिटामिनिटाला काहीतरी ठरवत असतो. त्या टोकापर्यंत जायचं की अलीकडेच उतरायचं, खाडी ओलांडायची की काठाकाठाने वळसा घ्यायचा, आत्ता परत फिरायचं की अजून अर्धा तास थांबायचं. हे तो वारा, लाटा, उजेड आणि मागच्या माणसाची अवस्था यांवरून ठरवतो. पहिल्या तीन गोष्टी तुमच्या मुलीला डोळ्यांनी दिसतील. चौथी फक्त तुम्ही सांगितलीत तर कळेल. घाबरलेला माणूस पाण्यावर आरडाओरडा करत नाही, उलट गप्प होतो. बोलणं बंद, नजर कयाकच्या टोकावर खिळलेली, आणि विचारलं की "ठीक आहे" एवढंच.

मी स्वतः हे केलंय. मोठ्या सरोवरावरच्या माझ्या पहिल्याच सहलीत मैत्रिणीने मला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी ठीक आहे म्हणाले. काठाला लागलो तेव्हा वल्ह्यावरची माझी बोटं सुटेनात. तिने ती एकेक करून सोडवली, तळव्यांवर नखांचे चंद्रकोरीसारखे वळ उमटले होते. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मघाशी सांगितलं असतंस तर त्या खडकाच्या आडोशाला थांबलो असतो. मी तुझ्या हो वर भरवसा ठेवून पुढे गेले." ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

तुम्ही मुलीला पोहायला शिकवलंत, तेव्हाचं आठवा. तिला किती खोल न्यायचं, हे तुम्ही तिच्या धाडसावरून ठरवलं होतं का? "बाबा, पाय टेकत नाहीयेत" असं ती ओरडायची म्हणून तुम्हाला कळायचं. ती तोंड मिटून राहिली असती, तर तुम्हाला शिकवताच आलं नसतं. आता नेमकी तीच माहिती तिला तुमच्याकडून हवी आहे.

तेव्हा सांगायचं की नाही, हा प्रश्न माझ्या मते उरतच नाही. कधी आणि कसं सांगायचं, ते पुढे लिहिते. त्याआधी मला तुमच्या भीतीविषयी बोलायचंय, कारण ती बरोबर आहे. फक्त तिला अजून नेमका आकार आलेला नाही. "मला भीती वाटते" यावर मुलगी फार तर धीर देऊ शकेल. "मला या तीन गोष्टींची भीती वाटते" म्हणालात, तर तिला बेत बदलता येईल.

पहिली गोष्ट, सरोवराची. तुमच्या तळ्यात आणि त्या सरोवरात फरक खोलीचा कमी आणि लांबीचा जास्त आहे. वारा किती जोराचा आहे, किती वेळ वाहतोय आणि अडथळ्याविना पाण्यावर किती अंतर धावतोय, या तिन्हींवरून लाट ठरते. तळ्यात वाऱ्याला धावायला जागाच नसते, म्हणून तोच वारा तिथे पाण्यावर नुसता काटा आणतो आणि सरोवरावर आखूड, उभ्या, एकामागून एक येणाऱ्या लाटा उठवतो. सरोवर म्हणजे मोठं तळं, असं आपण धरून चालतो. उत्तर अमेरिकेतल्या सुपिरिअर सरोवरात १९७५ च्या नोव्हेंबरातल्या एका वादळात एडमंड फिट्झजेराल्ड हे २२२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज २९ खलाशांसह बुडालं. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुम्ही सहा-सात वेळा जे शिकलात ते वल्हं मारणं होतं, लाटा वाचणं नव्हतं, एवढंच ध्यानात यावं म्हणून सांगतेय.

लाटा वाचायच्या म्हणजे निदान दोन गोष्टी डोळ्यांना शिकवायच्या. एक म्हणजे पांढरा फेस. वाऱ्याचा वेग ताशी १२ ते १९ किलोमीटर झाला की लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरे तुरे दिसू लागतात, आणि २० ते २८ झाला की ते बऱ्यापैकी वारंवार दिसतात. नवशिक्यासाठी पहिला तुरा दिसला की ओलांडायचं नाही, हा नियम पुरेसा आहे. त्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. वारा तंबूच्या मागून, जमिनीकडून पाण्याकडे वाहत असेल, तर तुमच्या पायाशी सरोवर आरशासारखं दिसतं. निघताना वारा पाठीशी असतो, कयाक अलगद पुढे जाते आणि आपण आज फारच छान वल्हवतोय असं वाटतं. जसजसे बाहेर जाता, तसतशा लाटा मोठ्या होतात. परतायची वेळ येते तेव्हा तोच वारा तोंडावर असतो.

उन्हाळ्यातल्या निरभ्र दिवसांत सकाळी पाणी शांत आणि दुपारी खवळलेलं, असं बऱ्याच मोठ्या सरोवरांवर होतं. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि ती जागा भरायला सरोवरावरून वारा काठाकडे येतो. म्हणून जाणती माणसं उजाडता उजाडता निघतात आणि दुपारच्या आत काठाला लागलेली असतात. तुमच्या बेतातलं "संध्याकाळपर्यंत परत" हे मला त्याच कारणाने टोचतंय.

दुसरी गोष्ट, अंतराची. हिशेब करा. सराव असलेला माणूस शांत पाण्यात ताशी ५-६ किलोमीटर सहज जातो. तुम्ही ४ धरा. म्हणजे बेटापर्यंत सव्वा तास. वारा समोरून आला आणि वेग निम्मा झाला, तर अडीच तास. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ तुम्ही दोन्ही काठांपासून किलोमीटरभर तरी लांब असाल. "मला उत्तम पोहता येतं" या वाक्याचा तिथे किती उपयोग आहे, ते आता बघू.

तिसरी गोष्ट, गार पाण्याची. दुर्गम मोठ्या सरोवरांचं पाणी बऱ्याचदा गार असतं, वर हवा कितीही उबदार असो. पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने शरीरातली उष्णता ओढून घेतं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्त यांनी थंड पाण्यात माणसाचं काय होतं, यावर आयुष्यभर काम केलंय. ते १-१०-१ असं सोपं सूत्र सांगतात. बर्फासारख्या पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात यायला १ मिनिट जातं, हातपाय कामाचे राहतात ते साधारण १० मिनिटं आणि शरीर थंड पडून शुद्ध हरपायला सुमारे १ तास लागतो. यातलं पहिलं मिनिट नीट समजून घ्या. गार पाण्यात पडताच माणूस नकळत मोठा श्वास आत ओढतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पोहण्याचं कौशल्य वापरायची वेळच येत नाही. म्हणून लाइफ जॅकेट अंगात घालून, पट्टे आवळूनच बसायचं. मागे दोरीत अडकवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही. आणि कपडे बाहेरच्या हवेला नाही, पाण्याला साजेसे हवेत. पाणी गार असेल तर वेटसूट (ओला झाला तरी ऊब धरून ठेवणारा अंगाबरोबर पोशाख) किंवा ड्रायसूट (आत पाणी न शिरू देणारा पोशाख). घाम आला तरी चालेल.

एकाच कयाकची कल्पना तुम्हाला सुरक्षित वाटते, कारण मुलगी तुमच्या मागेच बसलेली असेल. दोघांची कयाक खरोखरच जास्त स्थिर असते आणि दोघांच्या वेगातला फरकही मिटवते. काठाकाठाने फिरायला ती चांगलीच. पण उलटली तर दोघंही पाण्यात असता आणि मदतीला दुसरी होडी नसते. दोन वेगळ्या कयाक असल्या आणि तुमची उलटली, तर मुलगी तुमच्या कयाकचं टोक आपल्या कयाकवर आडवं ओढून घेईल, आतलं पाणी ओतून टाकेल, ती सरळ करून आपल्या शेजारी घट्ट धरून ठेवेल आणि तुम्ही पाय मारत मागच्या बाजूने वर चढाल. याला टी-रेस्क्यू म्हणतात. सराव असेल तर दोन-तीन मिनिटांत होतं. सराव नसेल तर होत नाही, हेही खरं. तेव्हा "ती सांभाळून घेईल" याचा अर्थ तिच्या कयाकमध्ये बसणं असा धरू नका. तिच्या हातून वाचवून घ्यायला शिकणं, हे तुमच्या वाट्याचं काम आहे. भाड्याने कयाक घेताना पुढे-मागे बंद कप्पे असलेलीच मागा. कप्पे नसलेली कयाक पाण्याने पूर्ण भरते आणि मग ती मधल्या पाण्यात रिकामी करणं फार अवघड जातं.

तुमच्या तिसऱ्या पर्यायाचा, म्हणजे दोन महिन्यांच्या तयारीचा, मला आनंद झाला. फक्त "काही न बोलता" हे शब्द खोडा. पहिला महिना घराजवळच्या प्रशिक्षकाकडे जा आणि त्याला सांगा, मला वेग नको, आधी उलटायला शिकवा. पहिल्यांदा उलटाल तेव्हा काय होईल, ते आत्ताच सांगून ठेवते. नाकात पाणी जाईल. डोळ्यांपुढे हिरवट उजेड असेल. हात आपोआप कयाकच्या कडेला जातील आणि तुम्ही स्वतःला वर खेचायला बघाल, ज्याचा काही उपयोग नाही. कमरेभोवती बसून कयाकचं तोंड झाकणारं कापड असतं, त्याला स्प्रे स्कर्ट म्हणतात; त्याला पुढे एक फास असतो, तो चाचपडून सापडेपर्यंत युगं गेल्यासारखी वाटतील. प्रत्यक्षात चार-पाच सेकंदच जातात. फास ओढला, हातांनी मांड्यांजवळची कड मागे लोटली की तुम्ही बाहेर. चौथ्या-पाचव्या वेळी हात फासाकडे सरळ जाऊ लागतो. भीतीतला मोठा वाटा त्या दिवशी उतरतो, कारण न पाहिलेलं ते पाहून झालेलं असतं.

दुसऱ्या महिन्यात एक शनिवार-रविवार मुलीबरोबर काढा. जमलंच नाही, तर सहलीचा पहिला दिवस त्यासाठी ठेवा. छातीइतक्या पाण्यात तिने तुम्हाला दहा वेळा उलटवावं आणि दहा वेळा परत बसवावं. मग तुम्ही तिला. हो, तुम्हीही तिला वाचवायला शिकायचं. ती कितीही तरबेज असली, तरी तिचा खांदा निखळू शकतो, तिला उलट्या होऊ शकतात. त्या जोडीत तुम्ही नुसतं ओझं आहात हे तुम्ही मनात धरलंय, ते पहिल्यांदा तिथेच सैल होईल.

बेटाच्या दिवसाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. या खेपेला तो बेत मोकळा ठेवा. तिसरा दिवस असं न ठरवता, पाचांपैकी ज्या सकाळी पाणी शांत असेल, अंदाज चांगला असेल आणि तुमचा सराव झाला असेल, त्या सकाळी. तशी सकाळ आलीच नाही तर काठाकाठाने फिरा, उलटलात तर जॅकेटसकट काठ गाठता येईल इतकं जवळून. तुम्हाला आत्ता दोनच वाटा दिसतायत, बेट किंवा तंबू. पण काठाचा पट्टा हीच सरोवराची सगळ्यात गजबजलेली जागा असते. पक्षी, लव्हाळी, पाण्यात वाकलेली झाडं, आत घुसलेल्या चिंचोळ्या खाड्या, सगळं तिथे. मधल्या पाण्यात बघायला फक्त क्षितिज.

बेटावर गेलातच, तर एक गोष्ट कृपा करून पाळा. दिवसभराचीच फेरी असली तरी तंबू, झोपायचं सामान, कोरडे कपडे आणि एका जादा दिवसाचं जेवण पाणी न शिरणाऱ्या ड्राय बॅगांमध्ये भरून बरोबर न्या. दुपारी वारा सुटला आणि तुमचं सगळं बिऱ्हाड पलीकडच्या काठावर असलं, तर रात्र उघड्यावर काढायला नको म्हणून माणसं लाटांमध्ये शिरतात. सामान जवळ असलं की "आज इथेच राहू" म्हणणं सोपं जातं. पाच दिवसांचा बेत असेल तर रजाही सहा-सात दिवसांची घ्या. सोमवारी कामावर हजर व्हायचंय, या एका विचारापायी नको त्या पाण्यात पाऊल पडतं.

मुक्कामाचं थोडक्यात सांगते. रात्री कयाक पाण्यापासून लांब ओढून, पालथ्या घालून झाडाला बांधा. वारा रिकामी कयाक उचलून नेतो, आणि मोठ्या सरोवरात वाऱ्याने पाणी एका बाजूला ढकललं जाऊन रात्रीतून काठ वर सरकू शकतो. एकदा मध्यरात्री खड्यांवर काहीतरी घासल्याच्या आवाजाने मी जागी झाले. टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर आमच्या दोनपैकी एक कयाक निम्मी पाण्यात डोलत होती. अजून दहा मिनिटं झोपले असते तर दोन माणसं आणि एक होडी असा हिशेब झाला असता. तंबू आणि भांडी घासायची जागा पाण्यापासून साधारण ६० मीटर लांब ठेवा, सरोवर स्वच्छ राहतं. पिण्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी खळखळून १ मिनिट उकळा. गडगडाट ऐकू आला की लगेच काठाला या आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पाण्यात उतरू नका. फोन लागत नाही, म्हणून उपग्रहावरून संदेश जाणारं यंत्र भाड्याने घ्या आणि ते बॅगेत न ठेवता मुलीच्या जॅकेटला अडकवा. शिट्टी दोघांच्याही जॅकेटला हवी. आणि घरी एका जबाबदार माणसाकडे कागद ठेवा: कुठून निघणार, कुठे राहणार, कयाकचे रंग कोणते, आणि कुठल्या दिवशी किती वाजेपर्यंत आमचा निरोप आला नाही तर कोणाला कळवायचं.

आता तिला सांगायचं कसं? आजच फोन करा, सहलीच्या आदल्या रात्री नको. तोवर तिने सुट्टी घेतलेली असेल, सामान बांधलेलं असेल, आणि तुमचं बोलणं नकार वाटेल. आज सांगितलंत तर ती तयारी वाटेल. माझे शब्द तुम्हाला रुचले तर असं म्हणा: "मला यायचंच आहे. तू विचारलंस याचा मला किती आनंद झाला, हे तेव्हा सांगायचं राहून गेलं. पण उघड्या पाण्याची मला भीती वाटते. मी कयाक फक्त तळ्यात चालवलीय आणि उलटल्यावर काय करायचं ते मला येत नाही. मी शिकायला लागलोय. पुढचं तू शिकवशील का?"

ती पुन्हा विचारणार नाही, अशी तुम्हाला धास्ती आहे. पण तिने तुम्हाला बेट गाठायला बोलावलंय, हे तुम्ही कशावरून धरलंत? बेटच हवं असतं तर चार वर्षांत कयाकवाले मित्रमैत्रिणी जमले असतीलच की तिचे. पाच दिवस, फोन बंद, आणि बरोबर कोण, तर ज्यांना कयाक नीट येत नाही ते बाबा. मला तर हे बोलावणं बेटाचं वाटत नाही. अर्थात तिच्या मनातलं मला कसं कळणार? तुम्हीच तिला विचारा.

त्याच फोनवर आणखी एक विचारून घ्या: "तू कधी अर्ध्यातून परत फिरली आहेस का?" हा प्रश्न तिची परीक्षा घ्यायला म्हणून नाही, मनापासून विचारा, आणि ती बोलायला लागली की मध्ये बोलू नका. त्या दिवशी वारा कसा होता, कोण दमलं होतं, कुणी आधी म्हटलं की फिरू या, असं सगळं तिने सांगितलं, तर तिच्या मागून मोठ्या पाण्यावर निर्धास्त जा. आणि "नाही, एकदाही नाही" म्हणाली, तर बेट पुढच्या खेपेला, असं तुम्हीच आधी म्हणा.